शाईचा हुद्दा

इसवी सन ४७० मध्ये लिओ पहिला या रोमन सम्राटाने कॉन्स्टँटिनोपलहून एक हुकूम काढला. सम्राटाच्या पत्रांवर सही होईल ती फक्त जांभळ्या शाईत. ही शाई समुद्री गोगलगायी शिजवून आणि त्यांचे शंख कुटून केलेली असेल. दुसऱ्या कुणी ती बनवली, बाळगली किंवा कुणाकडून मिळवायचा प्रयत्न केला, तर मालमत्ता जप्त आणि वर देहदंड. पुढे जस्टिनियन सम्राटाच्या कायदेसंहितेत हा हुकूम घातला गेला, म्हणून तो आपल्यापर्यंत पोचला.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे हा हुकूम वाचताना मला त्यात आधी एक अट दिसली : रोल 'सम्राट' असेल तर रंग जांभळा, नसेल तर काळा. आज कुठल्याही वेबसाइटवर ॲडमिनचं नाव लाल, मॉडरेटरचं हिरवं आणि नव्या माणसाचं करडं दिसतं, तेव्हा मागे हीच अट चाललेली असते. फरक एवढाच, की आज कुणी ब्राउझरमध्ये गडबड करून स्वतःचं नाव लाल करून घेतलं तर त्याला कुणी फासावर देत नाही. त्याच्याच स्क्रीनवर ते लाल दिसतं, बाकी जगाला करडंच.

कोड म्हणून हे काम अर्ध्या तासाचं आहे. पण कुणाला कुठला रंग द्यायचा यावरच्या मीटिंगा मी तीन-तीन आठवडे चाललेल्या पाहिल्या आहेत. एवढ्याशा गोष्टीवर शहाणीसुरती माणसं इतकी का भांडतात, हे शोधायला मी मागे मागे जात राहिलो आणि शेवटी शाईपाशी येऊन थांबलो. नावाला रंग देण्याचा इतिहास स्क्रीनच्या फार आधी, दौतीत सुरू होतो.

दौत सांभाळणारा माणूस

लिओच्या शाईमागे पैशाचं गणितही होतं. १९०९ मध्ये पॉल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने हा प्राचीन जांभळा रंग नेमका कुठल्या रसायनाचा बनतो हे शोधायचं ठरवलं. त्यासाठी त्याला १२,००० गोगलगायी लागल्या आणि हाती आला तो १.४ ग्रॅम रंग. चिमूटभर. ज्याला हा रंग परवडतो तो सम्राटच असणार, असं बाजारच सांगत होता. कायद्याने त्यावर फक्त शिक्का मारला.

नंतरच्या शतकांत बायझंटाइन सम्राट हिंगुळाच्या लाल शाईने सह्या करू लागले. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं खनिज. आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांतही दंड आणि अध्यायाचा शेवट हिंगुळाने लाल केलेला दिसतो. पण पोथीतला लाल रंग वाचणाऱ्यासाठी असायचा : इथे थांबा, इथे नवं सुरू होतंय. सम्राटाचा लाल रंग मात्र थेट ताबा सांगायचा. नवव्या शतकापासून बायझंटाइन दरबारात सम्राटाची दौत सांभाळणारा एक स्वतंत्र अधिकारी दिसतो, आणि तो कुणी सोम्यागोम्या नसे. या पदावर बसलेला थिओक्टिस्टॉस काही वर्षं साम्राज्याचा कारभारच चालवत होता. आमच्या धंद्यात प्रॉडक्शनचा पासवर्ड ज्याच्याकडे असतो, त्याच्याशी सगळे जरा गोड बोलतात. तसंच असणार ते.

याच काळाच्या आगेमागे, फार दूर चीनमध्ये, रंगीत शाईचा अगदी वेगळा उपयोग आकाराला येत होता.

पाच रंगांची परीक्षा

चीनमधली सरकारी नोकरीची परीक्षा सुमारे तेराशे वर्षं चालली आणि १९०५ मध्ये बंद झाली. यूपीएससी-एमपीएससीच्या जगात वाढलेल्या आपल्याला ती समजावून सांगायची गरज नाही. हजारो मुलं, मोजक्या जागा, घरदार पणाला, आणि एकदा पास झालं की पिढ्यांचं भलं. नानजिंगच्या परीक्षागृहात वीस हजारांहून जास्त खोल्या होत्या. खोल्या कसल्या, एका माणसाला जेमतेम बसता-लवंडता येईल असे कोनाडे.

इतकं पणाला लागल्यावर वशिला येणारच. पेपर तपासणारा ओळखीचा, अक्षर ओळखीचं, की झालं काम. यावर सोंग राजवटीत, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वी, दोन उपाय निघाले. एक, उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकून सील करायचं. दोन, सगळ्या उत्तरपत्रिका कारकुनांकडून पुन्हा लिहून घ्यायच्या, म्हणजे तपासणाऱ्याला मूळ हस्ताक्षर दिसणारच नाही.

मिंग आणि चिंग राजवटींपर्यंत या व्यवस्थेला शाईच्या रंगांची जोड मिळाली. चिंग काळात ती अशी होती. परीक्षार्थी लिहिणार काळ्या शाईत. नक्कल करणारे कारकून लिहिणार लाल शाईत. मूळ आणि नक्कल ताडून पाहणारे लोक आपल्या दुरुस्त्या गेरूसारख्या पिवळट शाईत करणार. व्यवस्था पाहणारे बाहेरचे अधिकारी जांभळ्या शाईत लिहिणार. आतले सहपरीक्षक निळ्या शाईत शेरे मारणार. आणि मुख्य परीक्षक, ज्याच्यासमोर फक्त लाल नक्कल येते, तो काळ्या शाईत निकाल देणार.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीत सरसावून बसलो. आम्ही ज्याला ऑडिट ट्रेल म्हणतो, ते हेच तर आहे. कागदावर कुठेही खूण दिसली की ती कुठल्या टप्प्यावर, कुठल्या कामाच्या माणसाने केली हे रंगच सांगतो. नक्कल करणाऱ्या कारकुनाला वाटलं, की आपल्या गावच्या पोराचं एक वाक्य जरा बरं करून टाकावं, तर त्याच्याकडे फक्त लाल शाई. काळ्या मूळ प्रतीवर ती लगेच उठून दिसणार. परीक्षकाला वाटलं, की लाल प्रतीत एखादं अक्षर हळूच बदलावं, तर त्याच्या हातात लाल शाईच नाही. इमानदारी माणसाच्या स्वभावावर न सोडता दौतीत भरलेली. लबाडी तरीही होत होती. उत्तरात ठरावीक जागी ठरावीक शब्द पेरून तपासणाऱ्याला खूण द्यायची युक्ती होतीच. पण ती करायला आता डोकं जास्त लागत होतं.

पाहा, साधन तेच : हुद्द्यानुसार रंग. पण कॉन्स्टँटिनोपलमधला रंग सांगतो, 'कोण मोठा'. नानजिंगमधला रंग सांगतो, 'कुणी काय केलं'. तिथे मोठ्यात मोठ्या माणसाची, मुख्य परीक्षकाची शाई कुठली? काळी. जी परीक्षार्थी पोराची, तीच. त्याच्या मोठेपणाला वेगळा रंग नव्हताच. रंग होते ते कामांना.

असं म्हणताना चीनला उगाच डोक्यावर घ्यायला नको. त्याच चिंग दरबारात सम्राट अधिकाऱ्यांच्या गुप्त अर्जांवर लाल शाईत शेरे लिहायचा, आणि त्या लाल अक्षरांचा दरारा कॉन्स्टँटिनोपलपेक्षा कमी नव्हता. १७२२ मध्ये कांगशी सम्राट वारला आणि योंगझेंग गादीवर आला. त्याने लगेच फर्मान काढलं, की वडिलांचे लाल शेरे असलेले सगळे कागद ज्याच्या-त्याच्याकडून परत आले पाहिजेत. शेरा अधिकाऱ्याच्या घरी होता, पण लाल रंग सम्राटाच्या मालकीचा. दोन्ही कल्पना एकाच राज्यात, एकाच काळात, शेजारी शेजारी नांदत होत्या. आजही नांदतात.

हिरव्या सहीमागची रांग

आपल्याकडे मराठी दफ्तरात अधिकार रंगाने दाखवत नसत. बोरू, काळी शाई, मोडी अक्षर, सगळं एकसारखं. खरेपणा ठरायचा तो मुद्रेवरून आणि ती कुठे उमटली आहे त्यावरून. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपला तिथे मोर्तब, म्हणजे इथून पुढे कुणी काही घुसडलं तर ते आमचं नाही. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आज बातम्यांत सहज वापरतो. पण त्यात एक पक्की तांत्रिक युक्ती दडलेली आहे : मजकुराला दोन्ही टोकांनी बांधून टाकणं.

रंगीत शाईचा मान आपल्या कचेऱ्यांत आला तो इंग्रजी अमलातल्या टेबल-फाइलच्या संस्कृतीतून. खुद्द इंग्लंडात १९०९ मध्ये सुरू झालेल्या गुप्तहेर खात्याचा पहिला प्रमुख मॅन्सफील्ड कमिंग हिरव्या शाईत फक्त 'सी' एवढं एक अक्षर लिहून सही करायचा. त्या खात्याचे प्रमुख अजूनही तसंच करतात. आपल्या केंद्र सरकारच्या कार्यालयीन कार्यपद्धतीच्या नियमावलीत लिहिलंय, की कामकाज निळ्या किंवा काळ्या शाईत करावं. लाल किंवा हिरवी शाई सहसचिव आणि त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांनीच, तीही क्वचित प्रसंगी, वापरावी.

नियमात 'क्वचित' असला, तरी लोकांच्या मनात हिरवी शाई म्हणजे गॅझेटेड ऑफिसर हे समीकरण घट्ट बसलं. तुमच्या-माझ्या घरात प्रवेशाच्या मोसमात हा संवाद कधी ना कधी झालेला असतो : "कुणी गॅझेटेड ओळखीचं आहे का?" ताईच्या ॲडमिशनच्या वेळी बाबा झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन तीन ठिकाणी फिरले होते. चौथ्या ठिकाणी एका साहेबांनी न वाचता पंचवीस सह्या ठोकल्या, हिरव्यागार. मूळ मार्कशीट त्यांनी पिशवीतून बाहेरही काढायला लावली नाही. घरी आल्यावर आई त्या गठ्ठ्याकडे बघून म्हणाली, "आता कसं खरं वाटतंय." आकडे तेच होते. रंग बदलला होता. २०१४ पासून केंद्राने स्वतःच स्वतःची प्रत साक्षांकित करायची मुभा वाढवली आणि बहुतेक ठिकाणी ही रांग संपली. ती संपल्याने देशाचं काही बिघडलं नाही. म्हणजे त्या हिरव्या रंगाने इतकी वर्षं नेमकं काय तपासलं होतं?

याच सरकारी जगात दुसऱ्या जातीचा रंगही आहे. ई-ऑफिस ही केंद्राची कागदविरहित फाइल पद्धत. तिच्यात टिपणी दोन रंगांची असते. पिवळी टिपणी म्हणजे कच्ची. ती बदलता येते, काढून टाकता येते. हिरवी टिपणी एकदा फाइलबरोबर पुढे गेली की कायमची, मग ती कारकुनाने लिहिलेली असो की सचिवाने. हा हिरवा रंग जुन्या फाइलीतल्या हिरव्या टिपणीकागदावरून आला आहे. इथे रंग माणसाबद्दल काहीच बोलत नाही, शब्दाच्या वजनाबद्दल बोलतो. ज्याने हे डिझाइन केलं त्या अनोळखी सरकारी इंजिनिअरला माझा सलाम.

गळ्यातला रंग

शाईतून रंग अंगावर यायला वेळ लागत नाही. अंगावरच्या रंगाचंही तेच दुहेरी आहे.

अमेरिकी विमानवाहू जहाजांचा डेक घ्या. विमानं उतरतायत, उडतायत, इंजिनांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून प्रत्येकाच्या जर्सीला रंग आहे. विमानांना हलण्याचे इशारे देणारे पिवळे. विमान फेकणाऱ्या आणि अडवणाऱ्या यंत्रणेवरचे हिरवे. इंधनवाले जांभळे, त्यांना लाडाने 'द्राक्षं' म्हणतात. दारूगोळ्याचे आणि अपघात सावरणारे लाल. सुरक्षा आणि वैद्यकीय मदतीचे पांढरे. इथे कुणी जांभळ्याला पिवळ्यापेक्षा हलका समजत नाही. आग लागली तर कुणाकडे धावायचं, एवढंच रंग सांगतो आणि त्यावर जीव वाचतात.

आता आपल्या रस्त्यावर या. महाराष्ट्रात रिक्षाचा परवाना ज्याच्या नावावर आहे तो स्वतः रिक्षा चालवत असेल, तर त्याचा गणवेश पांढरा. दुसऱ्याची रिक्षा चालवणाऱ्याचा खाकी. आपण रोज रिक्षात बसतो, पण मागच्या सीटवरून समोरचा शर्ट कधी वाचतो का? प्रवाशाला या माहितीचा काडीचा उपयोग नाही. मीटर तेवढाच पडतो, खड्डे तेवढेच लागतात. पण स्टँडवर उभ्या दहा जणांत मालक कोण आणि पाळीवर चालवणारा कोण, हे त्यांना एकमेकांच्या शर्टावरून रोज दिसत राहतं. हा रंग कामाचा नाही, मालकीचा आहे.

आमच्या आयटीतही हेच. गूगलमध्ये कायम कर्मचाऱ्यांचा बॅज पांढरा आणि कंत्राटी लोकांचा लाल, हे जगजाहीर आहे. मार्च २०१९ मध्ये तिथे १,०२,००० कायम कर्मचारी होते आणि कंत्राटी-तात्पुरते १,२१,०००, असं न्यूयॉर्क टाइम्सने छापलं होतं. म्हणजे लाल बॅजवाले बहुसंख्य होते आणि तरी पाहुणे होते.

माझ्या पहिल्या नोकरीत, कंपनीचं नाव सोडून देऊ, गळ्यातली पट्टी कायम लोकांना निळी आणि कंत्राटी लोकांना नारिंगी असायची. माझ्या शेजारी बसणारा टेस्टर नारिंगी होता. मी लिहिलेला कोड त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. कामाचा हुद्दा पाहिला तर तो माझा परीक्षक, निळ्या शाईचा माणूस. पण लिफ्टमध्ये शिरताना तो न चुकता पट्टी शर्टाच्या आत टाकायचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "वॉचमन चेहऱ्याकडे बघतच नाही रे, थेट गळ्याकडे बघतो." कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमाला नारिंगी पट्ट्यांना बोलावणं नसायचं. त्यासाठी वेगळी यादी कुणाला करावी लागायची नाही. दारात उभं राहिलं की यादी गळ्यात दिसतच होती.

रंगाची खरी ताकद इथे आहे. शब्द वाचावा लागतो, रंग नुसता दिसतो. 'कंत्राटी' हा शब्द बॅजवर छापला असता तर तो वाचायला दोन पावलं जवळ यावं लागलं असतं. त्या दोन पावलांत माणूस माणसाला भेटतो. रंग ती दोन पावलं वाचवतो.

अठरा दिवसांचा नारिंगी

२०१८ च्या जानेवारीत हाच प्रश्न अख्ख्या देशापुढे आला. आपला साधा पासपोर्ट गडद निळा, सरकारी कामाचा पांढरा आणि राजनैतिक मरून. १२ जानेवारीला परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर केलं, की आता चौथा रंग येणार, नारिंगी. कुणासाठी? ज्यांना परदेशी नोकरीला जाताना स्थलांतराची परवानगी लागते त्यांच्यासाठी. यात प्रामुख्याने दहावी पास नसलेले लोक येतात, आणि परवानगी लागते ती आखाती देशांसह १८ देशांमध्ये कामाला जाताना. म्हणजे गवंडी, सुतार, ड्रायव्हर, घरकामाला जाणाऱ्या बाया.

सरकारचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. तांत्रिक कारण मला तर फार ओळखीचं वाटलं. पासपोर्टचं शेवटचं पान, ज्यावर आई-वडिलांची नावं आणि पत्ता असतो, ते छापणं बंद करायचं ठरलं होतं. परवानगी लागते की नाही याची नोंदही त्याच पानावर होती. पान गेलं, तर ही नोंद कुठे टाकायची? कव्हरवर. डेटाबेसमधला एक कॉलम काढताना त्यातली एक माहिती उरली आणि ती कुणीतरी रंगात ढकलली. मी अशा मीटिंगांना बसलो आहे. तिथे सगळे भले लोक असतात आणि सगळ्यांना घरी जायचं असतं.

पण आतल्या पानावरची नोंद फक्त इमिग्रेशनचा अधिकारी वाचतो. कव्हर सगळं विमानतळ वाचतं. चेक-इनच्या रांगेत पाठीमागचा, कॉफी विकणारा, टॅक्सी ठरवणारा दलाल. 'हा दहावी नापास' हे कपाळावर लिहून कुणाला फिरवायचं नसतं, आणि इथे ते हातात धरून फिरावं लागणार होतं. शिवाय ज्यांना फसवणुकीपासून वाचवायचं, त्यांनाच फसवणाऱ्याला लांबून ओळखता यावं अशी सोय. टीका झाली, प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं आणि ३० जानेवारीला मंत्रालयाने निर्णय मागे घेतला. अठरा दिवस टिकलेला रंग.

ही टीका इतक्या पटकन का पेटली? मला वाटतं, आपल्या भाषेतच याचं उत्तर आहे. 'वर्ण' या एका शब्दात आपल्याकडे तीन गोष्टी राहतात : रंग, अक्षर आणि समाजातली जागा. वर्णमाला, गौरवर्ण, चातुर्वर्ण्य. यातला रंग म्हणजे कातडीचा रंग, असं पाश्चात्त्य अभ्यासकांनी मांडलं होतं. डॉ. आंबेडकरांनी १९४६ च्या 'हू वेअर द शूद्राज?' या पुस्तकात ते नाकारलं आणि वर्णाचा मूळ संबंध श्रद्धेशी, पंथाशी जोडला. मुळात काहीही असो, माणसाला जन्मभर पुसता न येणारी खूण देण्याचा अनुभव या समाजाला कुणी नव्याने शिकवायची गरज नाही. नारिंगी पासपोर्ट पाहून लोक चिडले नाहीत. ओळखीचं काहीतरी पुन्हा येताना पाहून चिडले.

डाल्टनचा लाल झगा

आणखी एक माणूस रंगाच्या या सगळ्या हिशेबाबाहेर राहतो : ज्याला तो रंग दिसतच नाही.

अणुसिद्धान्तवाला जॉन डाल्टन आपल्याला नववीच्या विज्ञानात भेटतो. १७९४ मध्ये त्याने मँचेस्टरमध्ये स्वतःच्याच डोळ्यांवर निबंध वाचला. इतरांना जे लाल दिसतं ते त्याला तसं दिसत नव्हतं. डाल्टन क्वेकर पंथाचा. या पंथात भडक लाल कपडे वर्ज्य. १८३४ मध्ये त्याला राजासमोर जायचं होतं आणि अंगावर ऑक्सफर्डच्या डॉक्टरेटचा लालभडक झगा होता. पंथाचे लोक अस्वस्थ झाले. डाल्टन निवांत होता, कारण त्याच्या डोळ्यांना तो झगा लाल नव्हताच. तो १८४४ मध्ये वारला. त्याने जपून ठेवायला सांगितलेल्या डोळ्यांतला डीएनए १९९५ मध्ये तपासला गेला आणि त्याच्या रंगांधत्वाचा नेमका प्रकार कळला.

झग्याची गोष्ट गमतीची. रेल्वेच्या सिग्नलची नाही. १८७५ च्या नोव्हेंबरमध्ये स्वीडनच्या लागरलुंडाजवळ दोन गाड्या समोरासमोर धडकून नऊ माणसं मेली. उप्साला विद्यापीठाचे फ्रीत्योफ होल्मग्रेन यांनी मांडलं, की एका गाडीवरच्या माणसाला सिग्नलचा रंग कळला नसावा. अपघाताचं खरं कारण तेच होतं का, यावर नंतरच्या अभ्यासकांनी शंका घेतली आहे. पण होल्मग्रेन लोकरीचे रंगीत गुच्छ घेऊन रेल्वेच्या लोकांना तपासत सुटले, त्यांत खरोखर रंगांध निघाले, आणि तिथून रंगदृष्टीची चाचणी जगभरच्या रेल्वेत शिरली. आपल्याकडे लोको पायलटच्या भरतीत डोळ्यांची जी कडक तपासणी होते, तिचं मूळ या वाटेवर आहे.

उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारांत एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. बायकांत हे प्रमाण दोनशेत एक. म्हणून २००८ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या वेबच्या सुगम्यता नियमांत स्पष्ट लिहिलं आहे : माहिती सांगायला फक्त रंगावर विसंबू नका. ॲडमिन लाल आणि मॉडरेटर हिरवा करून मोकळं होणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं, की बारांतल्या त्या एकाच्या स्क्रीनवर दोघेही एकाच मातकट रंगाचे असू शकतात. लिओचा कायदा त्याच्यापुढे निष्प्रभ.

पदर दोन, रंग एक

संगणकाच्या जगात 'रोल'ची कल्पना रीतसर मांडली गेली ती १९९२ मध्ये. डेव्हिड फेराओलो आणि रिचर्ड कून या अमेरिकी सरकारी संस्थेतल्या दोघांनी निबंध लिहिला. त्याचा गाभा असा, की परवानग्या माणसाला देऊ नका, भूमिकेला द्या आणि माणसाला भूमिका द्या. माणूस बदली होऊन गेला की भूमिका काढून घ्या. ज्याला मामलेदार कचेरी माहीत आहे त्याला यात नवं काही वाटणार नाही. खुर्चीचा अधिकार, माणसाचा नव्हे.

पण त्या निबंधातला माणूस एकाच वेळी अनेक भूमिकांत असू शकतो. नावाला मात्र रंग एकच देता येतो. मग दोन भूमिका असलेल्या माणसाचं काय करायचं? २०१५ मध्ये आलेल्या डिस्कॉर्डने सोपा मार्ग काढला : भूमिकांची उतरंड लावा, रंग असलेली जी सर्वांत वरची तिचा रंग नावाला. इथे मेख आहे. 'कुणी काय केलं' सांगायला आणलेला रंग या एका ओळीने 'कोण मोठा' सांगू लागतो. एखादी बाई ॲडमिनही आहे आणि नव्या लोकांना मदत करणारी स्वयंसेवकही. ती मदत करत असतानाही लाल दिसते. नवखा पोरगा लाल नावापुढे साधा प्रश्न विचारायला कचरतो. तिने त्या क्षणी कुठली भूमिका घेतली आहे, हे रंगाला कळत नाही. नानजिंगमध्ये कळत होतं, कारण तिथे रंग माणसाला नव्हता, लेखणीला होता.

याच्या उलट टोकाला तुमच्या फोनमधलं व्हॉट्सॲप आहे. ग्रुपमध्ये प्रत्येकाचं नाव वेगळ्या रंगात दिसतं. मामा जांभळे, आत्या हिरव्या, चुलतभाऊ नारिंगी. या रंगांना काहीच अर्थ नाही. वयाचा नाही, मानाचा नाही, ॲडमिनचा तर नाहीच. ॲडमिन कोण हे पाहायला यादी उघडून अक्षरं वाचावी लागतात. घाईत वर सरकवताना कुणाचं बोलणं कुठे संपलं एवढं कळावं, म्हणून तो रंग आहे. आपल्या कुटुंबांत वयाने आणि नात्याने ठरलेली उतरंड सकाळ-संध्याकाळ चालते. तिथे सगळ्या नावांना निव्वळ वेगळेपणाचा रंग देणारी जागा आपण रोज वापरतो, आणि त्याने कुणाचा मान कमी झालेला नाही. मामांच्या गुड मॉर्निंगला अजूनही सगळे हात जोडतात.

माझ्या आताच्या टीममध्ये हा विषय निघतो तेव्हा मी दोनच गोष्टी विचारतो. हा रंग काढून त्या जागी शब्द लिहिला, तर तो शब्द आपण त्या माणसासमोर मोठ्याने वाचू का? आणि हा रंग सगळ्यांत खालच्या हुद्द्यावरच्या माणसाच्या काही कामाचा आहे का? इंधनवाल्याची जांभळी जर्सी या दोन्हींत पास होते. नारिंगी पट्टी एकाही प्रश्नात नाही. बहुतेक वेळा आम्ही शेवटी नाव काळंच ठेवतो, शेजारी भूमिका अक्षरांत लिहितो आणि रंग देतो तो कृतीला : दुरुस्ती कुठली, हटवलेलं कुठलं, मंजूर कुठलं.

चीनच्या त्या परीक्षेत शेवटी एक दिवस यायचा. निकाल लागलेली लाल नक्कल क्रमांकावरून मूळ काळ्या उत्तरपत्रिकेशी जुळवायची, मगच सील फोडायचं आणि नाव मोठ्याने वाचायचं. तोवर जांभळे, निळे, लाल, पिवळे असे सगळे हात त्या कागदावरून फिरून गेलेले असायचे. कुणालाच माहीत नसायचं, की हा पोरगा कुणाचा, कुठल्या गावचा, त्याच्या बापाची शाई कुठल्या रंगाची.